आधी दार, मग स्क्रीन

दसरा-दिवाळीच्या तोंडावर नवी किंवा सेकंडहँड गाडी घरी आली की पूजेनंतरचा खर्च ठरलेला असतो: सीट कव्हर, मॅट आणि म्युझिक सिस्टिम. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, दिल्लीचे करोल बाग असो की तालुक्याच्या बसस्टँडमागची कार डेकोरची दोन दुकाने, तिथे गिऱ्हाइकाला दाखवले जाते ते एकसारखेच. भिंतीवर नऊ-दहा इंची झगमगत्या अँड्रॉइड स्क्रीन, खाली निळ्या दिव्यांच्या बेस ट्यूब आणि प्लायवूडच्या फळीवर ओळीने ठोकलेले स्पीकर. वीस हजारांचे बजेट सांगितले की त्यातले निम्मे स्क्रीनला जातात, पाच-सहा हजार बेस ट्यूबला आणि उरलेल्या पैशांत जे मावतील ते स्पीकर गाडीत चढतात. ही विभागणी उलटी आहे, असे माझे म्हणणे आहे. बजेट जितके लहान, तितका त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन दारांवर खर्च व्हायला हवा. म्हणजे तिथल्या स्पीकरवर, दाराच्या पत्र्यावर, वायरिंगवर आणि हे सारे नीट बसवणाऱ्या कारागिराच्या मजुरीवर. स्क्रीनचा नंबर सर्वांत शेवटचा.

स्क्रीनवर एवढा राग का, असे कोणी विचारील. राग नाही, हिशेब आहे. फाइलमधल्या आकड्यांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या चिप आज इतक्या स्वस्त आणि इतक्या चांगल्या झाल्या आहेत की साध्या स्टिरिओतली चिप आणि महागातली चिप यांतला फरक धावत्या गाडीत कानाला कळणे कठीण. स्पीकर आणि दार मिळून मूळ आवाजात जी भेसळ करतात, तिच्यापुढे तो फरक नगण्य ठरतो. राहिला प्रश्न ताकदीचा. स्टिरिओच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५० वॅट × ४’ छापलेले असते, आणि दहा हजारांच्या स्क्रीनवरही बहुधा तोच आकडा असतो, कारण दोघांच्या पोटात एकाच जातीची अ‍ॅम्प्लिफायर चिप असते.

हा ५० चा आकडा येतो कुठून, हे पाहण्यासारखे आहे. गाडीची बॅटरी नावाला १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला १४ व्होल्टच्या आसपास नेतो. व्होल्टेज आणखी चढवण्याची सोय स्टिरिओच्या त्या चिपमध्ये नसते. मग ४ ओहमच्या स्पीकरला १४.४ व्होल्टवर जास्तीत जास्त किती देता येईल? १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे सुमारे ५२ वॅट. पण हे गणित तेव्हाच खरे, जेव्हा गाण्याची लहर वरून-खालून पूर्ण छाटून तिची चौकोनी लहर केलेली असते. ते गाणे राहत नाही, नुसती कर्कश घरघर होते. स्वच्छ लहरीसाठी कागदावरची मर्यादा २६ वॅट, आणि चिपमधली घट वजा जाता हाती येतात साधारण १८ ते २० वॅट. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटच्या जाहिरातींना नियम घालून दिला. गाडीतली उपकरणे त्या नियमाबाहेरच राहिली. पुढे २००३ मध्ये तिथल्या उद्योगाने स्वतःहून सीईए-२००६ हे मानक आणले. त्यात ४ ओहमवर, १४.४ व्होल्टवर, एक टक्क्याहून जास्त विकृती न येता मिळणारी ताकद सांगावी लागते. पण ते ऐच्छिक आहे. तेव्हा खोक्यावर ‘आरएमएस’ या शब्दासमोर जो आकडा असेल तेवढाच खरा मानावा. तो छापलेलाच नसेल, तर खोके परत फळीवर ठेवावे.

आणि वॅट वाढले म्हणून आवाज त्याच पटीत वाढत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने चढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. म्हणून स्पीकर घेताना वॅटपेक्षा संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक ताकदीवर किती आवाज निघतो याचा, आकडा पाहणे शहाणपणाचे. ८८ डेसिबलचा स्पीकर आणि ९१ डेसिबलचा स्पीकर यांत दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मीच ताकद पुरते. इथेही एक मेख आहे. काही कंपन्या हा आकडा १ वॅटवर मोजतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट झाले, त्यामुळे ३ डेसिबल फुकटात चढून बसतात. स्पीकरवर लिहिलेले ‘३५० वॅट’ हे तर तो किती आवाज काढतो याविषयी काहीच सांगत नाही. क्षणभर किती सोसू शकेल याचा तो दावा असतो.

आता मुद्द्याच्या जागी, म्हणजे दाराकडे येऊ. स्पीकरचा कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढून निघालेली लहर आणि मागून निघालेली लहर एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. त्या भेटल्या की एकमेकींना खोडून काढतात. वरच्या सुरांची लहर आखूड असते, तिला वळसा घालून मागे जाणे जमत नाही, म्हणून तिथे नुकसान कमी. पण १०० हर्ट्झच्या सुराची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब. ती सहज वळते आणि खालचा सूर जन्मतःच मरतो. म्हणून घरातला स्पीकर नेहमी बंद किंवा हिशेबाने भोक ठेवलेल्या पेटीत असतो. गाडीत ही पेटी म्हणजे दार. आणि पेटी म्हणून दाराची अवस्था काय? बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. आतल्या पत्र्याला काचेची यंत्रणा बसवण्यासाठी हात जाईल एवढी भोके आणि त्यांवर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. त्यावर क्लिपांनी अडकवलेले प्लास्टिकचे डोअर पॅड, जे प्रत्येक ठोक्याला थरथरते. उत्तम शाईची पुडी फुटक्या खोडावर चढवावी तसा हा प्रकार आहे. वादक कोणीही असो, डग्गा घुमणार नाही. दुकानातल्या प्लायवूडच्या फळीवर जो स्पीकर भारदस्त वाटला तो गाडीत पिचका का वाटतो, याचे उत्तर इथे आहे. फळी जाड होती आणि तिने मागची लहर अडवून धरली होती.

उपाय माहीत असलेला आहे आणि महागही नाही. डोअर पॅड काढून बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटिल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली शीट चिकटवायची. पत्रा वाकू लागला की रबराचा थर ताणला जातो आणि ती हालचाल उष्णतेत जिरते. यासाठी संपूर्ण पत्रा मढवण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर, एकूण पत्र्याच्या चौथाई ते निम्म्या भागावर शीट लावली की बहुतेक काम होते. मग आतल्या पत्र्याची भोके बंद करायची, म्हणजे दाराची खरोखर पेटी होते. स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावायची, म्हणजे आवाज डोअर पॅडच्या मागे न हरवता जाळीतून बाहेर येतो. एवढ्याने तोच जुना स्पीकर ओळखू न येण्याइतका बदलतो. मात्र शीटवरचा मजकूर वाचून घ्यावा. डॅम्पिंगच्या नावाखाली डांबरी शीटही विकल्या जातात. विदर्भातल्या मे महिन्यात पत्रा तापला की त्या वास मारतात आणि सुटून खाली घसरतात. दुसरी काळजी पावसाची. काचेच्या फटीतून पाणी दारात शिरणारच, म्हणून कंपनीने दाराच्या तळाला निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. ती बुजवली तर कोकणातल्या एका पावसाळ्यात दार आतून गंजेल. स्पीकरखालची रिंगही साध्या एमडीएफची नको, ती पाणी पिऊन फुगते, प्लास्टिकची घ्यावी. आणि हो, ‘पूर्ण गाडी डॅम्पिंग’ हे जे पॅकेज गळ्यात मारले जाते, ते छोट्या बजेटात घेऊ नये. छपराला आणि डिकीला शीट लावून टायरचा आवाज फारसा थांबत नाही. पैसे मात्र पुढच्या दारांतून पळतात.

यावर पहिला आक्षेप दुकानदाराचाच असतो: “साहेब, एवढं कोण करतं? स्पीकर भारीतले टाका, झालं काम.” हे अर्धेच खरे आहे आणि कधी कधी उलटेही पडते. कंपनीने गाडीत दिलेले कागदी कोनचे स्पीकर हलके असतात, त्यांचे चुंबक छोटे असते, पण थोड्या ताकदीवर मोठा आवाज काढायला ते मुद्दाम तसे केलेले असतात. त्यांच्या जागी जड कोनचे महाग स्पीकर आणले आणि त्यांना तेच १८-२० वॅट दिले, तर आवाज पूर्वीपेक्षा कमीच भासू शकतो. मग मालक आवाज पूर्ण चढवतो, लहर छाटली जाऊ लागते आणि छाटलेल्या लहरीचा मारा ट्वीटरवर, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरवर, होतो. ट्वीटर जास्त ताकदीने जळतो अशी समजूत आहे. पुष्कळदा तो जळतो ते कमी ताकदीच्या स्टिरिओला पिळून काढल्यामुळे. म्हणून स्पीकर, दार आणि एक लहानसा अ‍ॅम्प्लिफायर हा एकत्र विचार करण्याचा विषय आहे. अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे आज नसतील, तर जास्त संवेदनशील, हलक्या कोनचे, ट्वीटर पोटातच असलेले साधे कोअ‍ॅक्सियल स्पीकर घ्यावेत आणि दार नीट करून घ्यावे. जड आणि महाग कॉम्पोनंट, म्हणजे ट्वीटर वेगळा असलेले स्पीकर, घेऊन ते उपाशी ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

दुसरा आक्षेप तरुणांचा आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. बेसशिवाय गाडीत मजा काय? बेस हवा यात गैर काहीच नाही. पण आपण ज्याला बेस म्हणतो त्यातला बहुतेक भाग कुठे असतो ते पाहा. सबवूफरचे क्षेत्र साधारण २० ते ८० हर्ट्झ. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान. डग्ग्याचा घुमारा, ढोलकीची धुम, पखवाजाचा भरदार हात, बेस गिटारचा बराचसा वावर, या साऱ्यांचा आपल्याला जाणवणारा भाग ८० ते २५० हर्ट्झमध्ये येतो, आणि तो दारातल्या साडेसहा इंची स्पीकरचा प्रांत आहे. भावगीते, नाट्यपदे, अभंग, जुनी चित्रपटगीते ऐकणाऱ्याला तर ट्यूबचा उपयोग अगदीच थोडा, कारण जुन्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणात अगदी खालचे सूर फारसे उतरलेलेच नाहीत. तिथे ट्यूब लावली की गायकाच्या आवाजाखाली एक फुगीर गुणगुण तेवढी येते. स्वस्त ट्यूब बहुधा एकाच सुराभोवती घुमते. गाणे कोणतेही असो, ‘धुम’ तीच. शिवाय हे खालचे सूर गाडीच्या काचा आणि पत्रे ओलांडून बाहेर जातात. आत बसलेला गाणे ऐकतो, बाहेरचा रस्ता नुसता ठोका ऐकतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, एवढे लक्षात असलेले बरे. ज्याला इलेक्ट्रॉनिक नाचगाणी किंवा हिपहॉपच ऐकायचे आहे त्याने सबवूफर जरूर घ्यावा, पण दारे झाल्यावर, आणि ट्यूबऐवजी हिशेबाने बनवलेल्या बंद पेटीतला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. स्क्रीन म्हणजे केवळ गाणी नव्हेत. नकाशा, फोन, मागचा कॅमेरा हे सारे त्यात येते, आणि मागचा कॅमेरा ही तर सुरक्षिततेची बाब आहे. हे मान्य करायलाच हवे. रिव्हर्स घेताना मागे खेळणारे मूल दिसावे यासाठी खर्च केलेला पैसा वाया जात नाही. पण तो खर्च मग त्याच नावाने करावा, संगीताच्या खात्यातून नव्हे. मागचा कॅमेरा पाच इंची वेगळ्या पडद्यावर किंवा आरशातल्या पडद्यावरही दिसतो, नकाशा फोनवर दिसतोच. आणि ज्यांच्या गाडीत कंपनीचाच टचस्क्रीन आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्नच उरत नाही. त्यांनी तो काढू नये. स्टिअरिंगवरची बटणे, गाडीच्या काही सेटिंग, कधी एसीचे नियंत्रणसुद्धा त्याच्याशी जोडलेले असते. स्पीकरच्याच तारांतून संकेत घेणारे, ज्याला हाय लेव्हल इनपुट म्हणतात ते असलेले अ‍ॅम्प्लिफायर मिळतात. कंपनीचा स्क्रीन जागच्या जागी ठेवून पुढचे सारे काम करता येते.

मागे बसणाऱ्यांचे काय, असाही प्रश्न येतो. छोट्या हॅचबॅकमध्ये पुढच्या दारांतला चांगला आवाज मागेही पोहोचतो. कंपनीचे मागचे स्पीकर स्टिरिओवरच मंद आवाजात चालू ठेवले की पुरते. मागच्या ट्रेवर तीन-चार अंडाकृती स्पीकर मांडण्याची जुनी हौस मात्र सोडून द्यावी. गाणारा माणूस आपल्या समोर असतो, मानगुटीवर नसतो.

वायरिंगविषयी फार लिहिण्यासारखे नाही, पण जे आहे ते जिवावरचे आहे. अ‍ॅम्प्लिफायरची मुख्य वायर थेट बॅटरीपासून येते, आणि तिच्यावर फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. फ्यूज पुढे अ‍ॅम्प्लिफायरजवळ लावला आणि मधे कुठे पत्र्याच्या कडेला घासून वायरचे आवरण फाटले, तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या जागी धावतो आणि फ्यूजला त्याचा पत्ताच नसतो. गाडीला आग लागायला एवढे पुरते. चार चॅनेलना प्रत्येकी ५० वॅट म्हणजे २०० वॅट. क्लास डी जातीच्या अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी बॅटरीकडून सुमारे १८ अँपिअर ओढले जातात. त्याला ८ गेजची अस्सल तांब्याची वायर पुरते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के असते; तीच जाडी घेतली तर वायर तापते. कंपनीची वायर कापून जोड देणाऱ्याला थांबवावे आणि कपलर मागावा. वॉरंटीच्या वादात कापलेली वायर हाच पहिला पुरावा ठरतो.

आता पैशांची मांडणी. वीस हजार असतील तर पुढच्या दारांच्या कॉम्पोनंट स्पीकरना पाच-सहा हजार, दोन दारांच्या डॅम्पिंगला अडीच-तीन हजार, लहान चार चॅनेल अ‍ॅम्प्लिफायरला सहा-सात हजार, वायर-फ्यूज-कपलरला दीड-दोन हजार आणि उरलेले मजुरीला. मजुरीत घासाघीस करू नये, असे माझे ठाम मत आहे. दुकानदार पाचशे रुपये सोडतो आणि कारागीर दोन दारे पाऊण तासात बंद करतो. तोटा कोणाचा, हे सांगायला नको. दहाच हजार असतील तर अ‍ॅम्प्लिफायर गाळावा, डॅम्पिंग गाळू नये.

आणि ज्याच्याकडे एकही रुपया नाही, त्यालाही करण्यासारखे बरेच आहे. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल, पुढे सरकवा. स्टिरिओत अगदी खालचे सूर अडवणारा हाय-पास फिल्टर असेल तर दारातल्या स्पीकरसाठी तो ८० हर्ट्झवर लावा. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनला चौपट हालावे लागते, ते ओझे उतरले की तोच स्पीकर मोकळा वाटतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवे दार त्याच्या जवळ आणि डावे साधारण दोन फूट लांब. ध्वनीला तेवढे अंतर कापायला पावणेदोन मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्याने सगळे गाणे उजव्या दारात जाऊन बसते. सेटिंगमध्ये टाइम अलाइनमेंट असेल तर उजव्या स्पीकरला तेवढा उशीर द्या. गायक डॅशबोर्डच्या मधोमध येईल. लाउडनेस आणि ‘सुपर बेस’ची बटणे बंद करा. गाण्याच्या अ‍ॅपमध्ये गुणवत्तेची सेटिंग सर्वांत वरची ठेवा आणि पेनड्राइव्हमध्ये कोणाकडून तरी आलेल्या १२८ केबीपीएसच्या फाइली असतील तर त्या पुसा, कारण पुढे कधी नवे स्पीकर आले तर ते त्यांतले दोष आणखी स्पष्ट ऐकवतील. मग चांगला डग्गा असलेले गाणे लावा आणि डोअर पॅडवर तळहात दाबून धरा. हात दाबल्यावर आवाज सुधारला, तर पैसे कुठे घालायचे ते समजले. तिथे आधी घाला. त्यातून काही उरले, तर पुढच्या दिवाळीला स्क्रीन घ्या.